विमापत्रातील ‘परंतु’

दुखण्याचा विमा उतरविणारा माणूस विमापत्राचे पहिले पान पाहतो आणि कागद पेटीत ठेवून देतो. पहिल्या पानावर कंपनी इस्पितळाचा खर्च देण्याचे वचन देते. पुढच्या पानांवर मात्र एकच शब्द निरनिराळ्या रूपांनी येत राहतो. तो शब्द म्हणजे ‘परंतु’. खर्च दिला जाईल, परंतु पहिल्या तीस दिवसांत नाही. खर्च दिला जाईल, परंतु अमुक आजाराचा दोन वर्षे नाही. खर्च दिला जाईल, परंतु खोलीचे भाडे ठरलेल्या रकमेपलीकडे नाही. घरात कोणी आजारी पडते, इस्पितळाचे बिल हाती येते, कंपनीचे नकाराचे पत्र येते, आणि तेव्हा कोठे हा ‘परंतु’ प्रथमच वाचला जातो. तो आधी वाचला तर काय लाभ होतो, आणि नकार आलाच तर पुढे काय करता येते, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने वेळीच करून ठेवावा, असा हा विषय आहे.

बेज्जूरसारख्या गावी तर त्याचे महत्त्व अधिकच. प्राणहिता नदीच्या अलीकडे, तेलंगणाच्या अगदी कडेला हे मंडळ आहे. नदी ओलांडली की महाराष्ट्राचा गडचिरोली जिल्हा लागतो. बेज्जूर पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, तेव्हा त्या जिल्ह्यातील राजुरा आणि किनवट हे भाग मुंबई राज्यात गेले. सिरपूर, आसिफाबाद आणि बेज्जूर इकडेच राहिले. ऑक्टोबर २०१६ मध्ये जुना आदिलाबाद जिल्हा विभागला गेल्यापासून बेज्जूरचा कारभार आसिफाबादहून चालतो. या सीमाभागात घरात मराठी वा गोंडी, बाजारात तेलुगू आणि विम्याच्या कागदावर इंग्रजी, अशी स्थिती पुष्कळ कुटुंबांची आहे. गावी साधे उपचार होतात. मोठ्या दुखण्यासाठी कागजनगर, मंचेरियाल, चंद्रपूर, प्रसंगी नागपूर किंवा हैदराबाद गाठावे लागते. कापसाचे पैसे हाती येण्यापूर्वी दुखणे आले, तर व्याजाने रक्कम काढावी लागते. विमा असूनही ती काढावी लागली, तर हप्ताही गेला आणि कर्जही डोक्यावर बसले, अशी दुहेरी हानी होते.

समजा, अशा एका घरातील मुलगा कागजनगरला नोकरीस आहे. त्याने आईवडिलांसाठी तीन लाखांचा विमा घेतला. आठव्या महिन्यात आईच्या पोटात कळा सुरू झाल्या. पित्ताशयात खडे असल्याचे निदान झाले आणि शस्त्रक्रिया करावी लागली. खर्च साठ हजारांवर गेला. आईला पूर्वी कधी हा त्रास नव्हता, अर्जात काही लपविलेले नव्हते, हप्ताही वेळेवर भरला होता. तरी कंपनीने दावा नाकारला. मुलाला वाटले, आपली फसवणूक झाली. पण विमापत्र उघडून पाहिले, तर पित्ताशयाचे व मूत्रमार्गाचे खडे, मोतीबिंदू, अंतर्गळ, अंडवृद्धी, मूळव्याध, गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया इत्यादी आजारांना पहिली चोवीस महिने संरक्षण नाही, असे तेथे छापलेले होते. या उदाहरणात कोणी खोटे बोलले नाही. उणीव एवढीच की, ज्या दिवशी विमा घेतला त्या दिवशी हे कलम कोणी कोणाला वाचून दाखविले नाही.

मर्यादा का असतात?

येथे सहजच प्रश्न येतो की, दुखणे ते दुखणे. त्यात हे भेदाभेद कशासाठी? याचे उत्तर मोठमोठ्या कंपन्यांच्या हिशेबात शोधण्याऐवजी विदर्भातील एका साध्या प्रयोगात अधिक स्पष्ट सापडते. वर्ध्याजवळ सेवाग्राम येथील कस्तुरबा रुग्णालयाने १९८० च्या सुमारास आसपासच्या खेड्यांसाठी एक विमा योजना चालविली. तिच्यात शेतकरी सुगीच्या वेळी ज्वारी देत, आणि ज्याची जमीन अधिक त्याचा वाटाही अधिक असे. डॉक्टर उल्हास जाजू यांचे नाव या कार्याशी जोडलेले आहे. गावातील बहुसंख्य, म्हणजे सुमारे पाऊण, कुटुंबे सामील झाल्यावाचून त्या गावाला योजना लागू करीत नसत. आणि अकस्मात आलेल्या आजाराचा उपचार विनामूल्य होत असला, तरी अंतर्गळ, मोतीबिंदू, नेहमीचे बाळंतपण अशा आधी ठाऊक असणाऱ्या गोष्टींसाठी केवळ बिलात सूट मिळे.

नफा हा ज्या संस्थेचा हेतूच नव्हता, तिनेही मर्यादा घातल्या, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्यामागील कारण साधे आहे. विमा म्हणजे अनेकांनी मिळून भरलेली कणगी. ज्याच्यावर अवचित संकट कोसळेल त्याने त्यातून घ्यावे, असा तिचा संकेत असतो. परंतु ज्याला पुढल्या महिन्यात शस्त्रक्रिया करून घ्यायचीच आहे तेवढाच माणूस आज येऊन पायलीभर धान्य टाकील आणि उद्या पोते उचलून नेईल, तर कणगी रिकामी होईल, आणि जो निरोगी माणूस वर्षानुवर्षे धान्य घालीत आला त्याच्या खऱ्या अडचणीच्या वेळी तिच्यात काही उरणार नाही. प्रतीक्षाकाल आणि अपवाद यांचा उगम येथे आहे. म्हणून अपवाद असणे हा अन्याय नव्हे. अपवाद कळू न देणे, तो अस्पष्ट लिहिणे, किंवा जेथे तो लागू नाही तेथे ताणून लावणे, हा अन्याय होय. विमेदाराने भांडावयाचे ते या दुसऱ्या गोष्टीशी.

‘परंतु’चे प्रकार

विम्यातील अपवाद ढोबळमानाने चार प्रकारचे असतात. पहिला प्रकार काही काळापुरता. विमा सुरू झाल्यापासून पहिले तीस दिवस अपघातावाचून अन्य आजाराचा खर्च मिळत नाही. बैलाने शिंग मारले किंवा झाडावरून पडून हाड मोडले, तर तो अपघात होय, त्याला हे तीस दिवस आड येत नाहीत. वर सांगितलेल्या ठराविक आजारांची यादी याच प्रकारात मोडते. आधीपासूनचा आजार, ज्याविषयी सर्वांत अधिक तंटे होतात, तोही याच प्रकारातला. विमा घेण्यापूर्वीच्या छत्तीस महिन्यांत ज्या आजाराचे निदान झाले किंवा ज्यावर उपचार घेतला, तो आधीपासूनचा आजार समजला जातो. त्यासाठी कंपनीला फार तर तीन वर्षे थांबविता येते. २०२४ पूर्वी ही मर्यादा चार वर्षांची होती; विमा नियामक प्राधिकरणाने ती कमी केली. म्हणजे मधुमेह वा रक्तदाब असलेल्या माणसाला दार कायमचे बंद नसते. तो दारात काही काळ थांबविला जातो, एवढेच. मात्र मध्येच हप्ता चुकून विमा तुटला, तर हा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जाण्याची भीती असते. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते, तिने मागील वर्षांची पुण्याई टिकते. परंतु त्या रिकाम्या दिवसांत आलेल्या आजाराचा खर्च मिळत नाही.

दुसरा प्रकार कायमचा. २०१९ साली प्राधिकरणाने अशा अपवादांची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी करून दिली. केवळ सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया, उपचाराविना नुसत्या तपासण्यांसाठी भरती होणे, नुसती विश्रांती, व्यसनाधीनतेवरील उपचार, सिद्ध न झालेल्या उपचारपद्धती, वंध्यत्वावरील उपचार, बाळंतपण इत्यादी गोष्टी या यादीत येतात. यांपैकी काहींसाठी, विशेषतः बाळंतपणासाठी, काही कंपन्या अधिक हप्ता घेऊन संरक्षण देतात. ते विमापत्रात स्पष्ट लिहिलेले असावे लागते.

तिसरा प्रकार रकमेचा. येथे दावा नाकारला जात नाही, पण कापला जातो. उदाहरणार्थ, १ एप्रिल २०२० पासून सर्व कंपन्यांना ‘आरोग्य संजीवनी’ नावाचा एकाच नमुन्याचा विमा विकण्यास सांगण्यात आले. त्याच्या मूळ अटींत खोलीचे भाडे विम्याच्या रकमेच्या दोन टक्के आणि तेही दिवसाला ५,००० रुपयांपर्यंत, मोतीबिंदूसाठी एका डोळ्यामागे ४०,००० रुपये किंवा विम्याच्या रकमेचा चौथा हिस्सा यांपैकी जे कमी ते, आणि प्रत्येक दाव्यातील पाच टक्के वाटा विमेदाराचा, अशा मर्यादा होत्या. यातील खोलीभाड्याची मर्यादा फार फसवी असते. एक लाखाच्या विम्यावर रोज दोन हजारांची खोली मान्य असता चार हजारांची घेतली, तर केवळ वरचे दोन हजारच कापले जातील, असे माणसाला वाटते. पण पुष्कळ विमापत्रांत त्याच प्रमाणात डॉक्टरांचे शुल्क, शस्त्रक्रियागृहाचा आकार अशा खोलीशी निगडित खर्चालाही कात्री लागते. येथे तो निम्मा होईल. औषधे व तपासण्या यांवर मात्र अशी प्रमाणशीर कपात करता येत नाही. भरती होताना खोली निवडणे हा आजाऱ्याच्या नातलगाचा निर्णय असतो, आणि तो घेताना विमापत्र जवळ असणे हजारो रुपयांचे ठरते.

चौथा प्रकार व्याख्येचा, आणि खेड्यातील माणसाला तोच अधिक नडतो. इस्पितळ म्हणजे काय, याची व्याख्या विमापत्रात दिलेली असते. ते कायद्याप्रमाणे नोंदलेले असावे. तसे नसेल, तर दहा लाखांहून कमी वस्तीच्या ठिकाणी निदान दहा खाटा, रात्रंदिवस परिचारिका व डॉक्टर, आणि सुसज्ज शस्त्रक्रियागृह, एवढे तेथे असावे लागते. तालुक्याच्या बाजारपेठेतील चार खाटांच्या दवाखान्यात दिवसभर सलाईन लावून संध्याकाळी घरी आलेल्या तापाच्या रोग्याचा दावा या व्याख्येत बसणे कठीण. शिवाय, काही ठराविक शस्त्रक्रिया सोडल्यास निदान चोवीस तास भरती राहणे आवश्यक असते. डॉक्टर चांगला होता, रोगी बरा झाला, हे खरे असले तरी विम्याच्या दृष्टीने ते पुरेसे होत नाही.

सरकारी योजनांतील अटी

प्राणहितेच्या दोन्ही तीरांवर बहुसंख्य कुटुंबांचा आधार खाजगी विमा नसून सरकारी योजना आहे. संयुक्त आंध्र प्रदेशात २००७ साली राजीव आरोग्यश्री योजना सुरू झाली. तेलंगणात डिसेंबर २०२३ मध्ये तिची मर्यादा पाच लाखांवरून दहा लाखांवर नेण्यात आली. पलीकडे महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेचा आरंभ ज्या आठ जिल्ह्यांत झाला, त्यांत गडचिरोली होता. तीच योजना २०१७ पासून महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने चालते. केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये आली. तिच्यात कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण आहे, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, तिचा लाभ घेता येतो.

आयुष्मान योजनेत आधीपासूनच्या आजाराचा अडसर नाही, पहिल्या दिवसापासून तो धरला जातो. हा गरिबाला मोठाच दिलासा होय. तथापि सरकारी योजनांनाही ‘परंतु’ आहेच. आजारावरील उपचार योजनेच्या यादीत असावा लागतो. इस्पितळ योजनेशी जोडलेले असावे लागते. नुसती बाहेरून तपासणी करून घेतली, गोळ्या घेतल्या, तर त्याचा खर्च आयुष्मान योजनेत येत नाही. आणि या योजना रोग्याच्या हातात पैसे ठेवीत नाहीत, त्या इस्पितळाला देतात. म्हणून योजनेबाहेरच्या इस्पितळात आधी रोख भरून मागाहून बिल घेऊन जाणाऱ्याच्या पदरी बहुधा निराशा येते.

सीमेवरील कुटुंबांपुढे आणखी एक अडचण असते. आसिफाबाद जिल्ह्यातील केरामेरी मंडळ आणि चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुका यांच्यामधील दोन्ही राज्ये सांगत आलेल्या गावांत तर दोन्हीकडच्या शिधापत्रिका असणारी घरे आहेत. बेज्जूरकडे तसा वाद नाही. परंतु लेक नदीपलीकडे दिली, तिचे नाव माहेरच्या पत्रिकेवरून निघाले नाही आणि सासरच्या पत्रिकेवर चढले नाही, असे येथेही घडू शकते. एका कागदावर तेलुगूतून आणि दुसऱ्यावर इंग्रजीतून लिहिलेले मराठी नाव एका अक्षराने बदलले, तरी मंजुरी अडते. तेव्हा अशा कुटुंबाने निरोगी असतानाच दोन गोष्टी करून ठेवाव्यात. घरातील प्रत्येकाचे नाव शिधापत्रिकेवर व आधारपत्रावर सारखे आहे की नाही ते पाहावे, आणि आपले कार्ड जवळच्या कोणत्या इस्पितळात, कोणत्या राज्यात चालते, याची चौकशी करावी. तेलंगणात १०४, महाराष्ट्रात १५५३८८ आणि केंद्राच्या योजनेसाठी १४५५५ हे दूरध्वनी क्रमांक त्यासाठी आहेत. योजनेतील इस्पितळात ‘आरोग्यमित्र’ नावाचा सेवक नेमलेला असतो. भरती होण्यापूर्वी, निकडीच्या वेळी भरती होताच, रोग्याच्या नातलगाने प्रथम त्याला गाठावे.

अर्जाचा दिवस

खाजगी विम्याच्या नाकारलेल्या दाव्यांचे मूळ शोधीत गेले, तर ते पुष्कळदा इस्पितळात नव्हे, अर्ज भरण्याच्या दिवशी सापडते. अर्जात विचारलेले असते: मधुमेह आहे काय? रक्तदाब? पूर्वी शस्त्रक्रिया? चालू औषधे? अर्ज इंग्रजीत असतो, भरणारा प्रतिनिधी घाईत असतो, आणि प्रत्येक प्रश्नापुढे ‘नाही’ अशी खूण होते. खाली सही किंवा अंगठा मात्र विमेदाराचा. दोन वर्षांनी हृदयविकार उद्भवतो, इस्पितळाच्या कागदावर ‘पाच वर्षांपासून मधुमेह’ असे लिहिले जाते, आणि कंपनी म्हणते, सत्य लपविले.

विम्याच्या करारात दोन्ही पक्षांनी पूर्ण सचोटीने वागावे, हा नियम फार जुना आहे. १७६६ साली इंग्लंडमध्ये न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी तो एका प्रसिद्ध निवाड्यात मांडला. सुमात्रा बेटावरील इंग्रजांच्या एका किल्ल्याच्या गव्हर्नराने शत्रू किल्ला घेईल या भयाने विमा उतरविला होता. फ्रेंचांनी किल्ला घेतला, तेव्हा विमा देणाऱ्याने तक्रार केली की किल्ला दुबळा असल्याचे लपविले गेले. न्यायाधीशांनी सांगितले की, विमेदाराने आपल्यालाच ठाऊक असलेली महत्त्वाची गोष्ट लपवू नये, हे खरे. परंतु जी गोष्ट विमा देणाऱ्याला ठाऊक होती किंवा असावयास हवी होती, तिच्याबद्दल मागाहून कांगावा करता येणार नाही. निकाल विमेदाराच्या बाजूने लागला. हे सचोटीचे तत्त्व असे आरंभापासूनच दुहेरी आहे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे निर्णयही याच दोन काठांमधून वाहतात. २००९ साली मधुमेह व मूत्रपिंडाचा विकार न सांगता घेतलेल्या आरोग्यविम्याच्या एका प्रकरणात न्यायालयाने कंपनीचा नकार योग्य ठरविला. २०१५ साली एका मराठी कुटुंबाच्या आयुर्विम्याचे प्रकरण आले. मृत गृहस्थाने कंबरेच्या मणक्याचे दुखणे सांगितले नव्हते. मृत्यू मात्र हृदयविकाराने झाला होता. जे दुखणे जीवघेणे नव्हते आणि ज्याचा मृत्यूशी संबंध नव्हता, त्याच्या कारणाने दावा बुडविता येणार नाही, असे ठरून कुटुंबाला न्याय मिळाला. डिसेंबर २०२१ मध्ये परदेशप्रवासाच्या विम्याचा निकाल लागला. त्या प्रवाशाने आपला मधुमेह सांगितला होता, तपासणी होऊन विमा दिला गेला होता. अमेरिकेत उतरताच त्याला हृदयविकाराने गाठले. प्रकृतीची माहिती घेऊन विमा दिल्यावर त्याच माहितीकडे बोट दाखवून कंपनीला हात झटकता येणार नाहीत, असे न्यायालयाने सांगितले. तिन्ही निर्णय एकत्र वाचले म्हणजे एक व्यवहारी तात्पर्य निघते. दुखणे सांगितले तर विमेदाराचे फार तर काही महिने जातात किंवा हप्ता थोडा वाढतो. लपविले तर सर्वच जाण्याचा धोका असतो.

म्हणून अर्ज स्वतः भरावा, किंवा घरातील शिकलेल्या मुलामुलीकडून वाचून घ्यावा. दुसऱ्याने भरला असेल, तर मजकूर समजावून सांगितल्याच्या दाखल्यावर समजल्याखेरीज सही करू नये. विमापत्राबरोबर त्यातील मुख्य अटींचे माहितीपत्रक द्यावे लागते, आणि विमेदाराने मागणी केल्यास ते स्थानिक भाषेत मिळावे, असा नियम २०२४ पासून आहे. हा हक्क मागणाऱ्यासाठीच आहे. न मागणाऱ्याला इंग्रजी कागद मिळतो. विमापत्र हाती आल्यापासून तीस दिवसांत ते न पटल्यास परत करता येते. अर्जाची प्रतही त्याबरोबर मागून घ्यावी आणि त्यात चूक आढळल्यास कंपनीला लेखी कळवावे. सलग पाच वर्षे विमा चालल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दिली नाही या सबबीवर कंपनीला दावा नाकारता येत नाही, हेही विमेदाराने जाणून असावे. अशा विम्यात खंड पडू देणे म्हणजे बांधलेली भिंत आपल्या हाताने पाडण्यासारखे होय.

नकार आल्यावर

इतके करूनही नकार आला, तर काय करावे? पहिली गोष्ट, तोंडी नकार स्वीकारू नये. कोणत्या कलमान्वये दावा नाकारला, हे कंपनीने लेखी कळविले पाहिजे. कंपनीतील आढावा समितीच्या संमतीखेरीज दावा नाकारू नये, असा नियामकाचा २०२४ चा आदेश आहे. पत्र आले की ते कलम विमापत्रात शोधावे आणि शब्दशः ताडून पाहावे. अपवाद लागू पडतो, हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो. आणि शब्दाचे दोन अर्थ निघत असतील, तर तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध, म्हणजे विमेदाराला अनुकूल असा, घेण्याकडे न्यायालयांचा कल असतो.

दुसरी गोष्ट इस्पितळाच्या कागदांची. घरी सोडताना मिळणारा गोषवारा, ज्याला लोक डिस्चार्ज कार्ड म्हणतात, तो इस्पितळातूनच वाचून घ्यावा. दुखणे किती दिवसांचे, या प्रश्नाला घाबरलेला नातलग ‘झाली असतील चार-पाच वर्षे’ असे बोलून जातो, आणि तो अंदाज कागदावर पुरावा म्हणून राहतो. चूक झाली असेल, तर त्याच डॉक्टरांकडून, जुने कागद दाखवून, रीतसर दुरुस्त करून घ्यावी. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. खरी नोंद बदलून खोटी करण्याचा आग्रह डॉक्टरांकडे कधीही धरू नये. तसे उघडकीस आल्यास खरा दावाही बुडतो.

तिसरी गोष्ट तक्रारीच्या पायऱ्यांची. प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी जावे. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसले, तर कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे अर्ज करता येतो. बेज्जूरच्या विमेदारासाठी हैदराबादचे आणि पलीकडच्या गडचिरोलीच्या विमेदारासाठी पुण्याचे कार्यालय आहे. तेथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. साध्या कागदावर हकीकत, विमापत्राची प्रत, नकाराचे पत्र व बिले एवढे पुरते. लोकपालाचा निर्णय कंपनीला बंधनकारक असतो, विमेदाराला मात्र तो न पटल्यास पुढचे मार्ग मोकळे राहतात. ते म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. तेथे दोन वर्षांच्या आत, आणि २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या ठिकाणच्या आयोगाकडेही, जाता येते. मात्र जे प्रकरण आधीच आयोगापुढे वा न्यायालयात आहे, ते लोकपाल हाती घेत नाही. म्हणून पायऱ्यांचा क्रम मोडू नये. विमा नियामकाकडे तक्रार नोंदविण्यासाठी १५५२५५ हा क्रमांक आहे.

वर उदाहरणादाखल घेतलेल्या कुटुंबाचा दावा या मार्गांनीही कदाचित मिळणार नाही, कारण तेथे कलम स्पष्ट आहे आणि चोवीस महिने पुरे झालेले नाहीत. पण त्याच आईच्या पोटातील कळा अपघाताने झालेल्या दुखापतीच्या असत्या, किंवा खड्यांची शस्त्रक्रिया पंचविसाव्या महिन्यात झाली असती, किंवा मुलाने विम्याबरोबर आईचे आरोग्यश्रीचे कार्डही तयार ठेवून योजनेतील इस्पितळात आधी विचारले असते, तर निष्पत्ती निराळी होऊ शकली असती. कोणता नकार न्याय्य आणि कोणता अन्याय्य, हे ओळखता येणे हीच येथे विमेदाराची खरी शक्ती होय. न्याय्य नकाराशी झगडून शक्ती व पैसा वाया जातो. अन्याय्य नकारापुढे मान तुकविली तर हक्काचा पैसा जातो.

शेतकरी बियाणे घेताना पिशवीवरचा मजकूर वाचतो, न समजल्यास शेजाऱ्याला विचारतो, पावती जपून ठेवतो. कारण पीक बुडाले तर दाद मागावयास तोच कागद उपयोगी पडतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. विमापत्राच्या बाबतीतही तेवढीच दक्षता पुरे आहे. घरातील सर्वांनी एका संध्याकाळी एकत्र बसून, शिकलेल्या मुलाने मोठ्याने वाचून दाखवून, कोणते आजार कधीपासून धरले जातात, खोलीभाड्याची मर्यादा किती, जवळचे मान्य इस्पितळ कोणते आणि हप्त्याची तारीख कोणती, या चार गोष्टी आपल्या भाषेत एका कागदावर लिहून घ्याव्यात, आणि तो कागद घरातील प्रत्येकाला सापडेल अशा जागी ठेवावा. दुखणे बहुधा रात्री-अपरात्री येते, आणि तेव्हा विमा घेणारा माणूस घरी असेलच असे नाही.